मुठेलाचं मलम : धाकटीच्या गरोदरपणातल्या नोंदी

14 एप्रिल 2024, कुडाळ

धाकटीला चौथा महिना संपत आला. डोंबिवलीहून रोज फोन येतो आणि हल्ली विषय एकच: पोटाची कातडी ओढल्यागत होते, खाजते, आणि बाजारातलं कुठलंही लोशन उघडलं की वासानेच उमासे येतात. मोबाईलवर तिला 'गरोदरपणासाठी खास नैसर्गिक' अशी कृती सापडली आहे. त्यात गुलाबपाणी, लॅव्हेंडरचं तेल, कोरफड, हळद, लिंबू आणि आणखी बरंच काही. "ताई, तूच करून दे ना. तुझ्याकडे वजनकाटे-बिटे सगळं आहे." कॉलेजच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी घरच्यांना अशाच वेळी आठवते.

करून देईन, पण कृती माझी. वहीच्या पहिल्या पानावर काय करायचं ते लिहिलं: बिनवासाचं, बिनपाण्याचं, मोजक्या जिनसांचं मलम, कोरडेपणा आणि त्यातून येणारी खाज यासाठी. काय करायचं नाही तेही लिहिलं: स्ट्रेच मार्क घालवायचे नाहीत, कारण ते जमत नाही. 2012 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा क्रीम-तेलांवरच्या 6 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, 800 बायकांच्या. लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बायकांत रेघा उमटण्याच्या बाबतीत ठळक फरक निघाला नाही. नवलही नाही. रेघ पडते ती कातडीच्या आतल्या थरात, तिथले धागे ताणले-तुटले जाऊन. तेल वरच्या थरातच राहतं. शिवाय हे घराण्यातून येतं, आणि आमच्या आईच्या पोटावर त्या भरपूर आहेत.

हे सांगितल्यावर धाकटी म्हणाली, "मग करतेस कशाला?" तुला रात्री झोप लागावी म्हणून, म्हटलं.

18 एप्रिल

आज नुसती काटछाट. कृतीतलं एकेक नाव घेऊन विचार केला.

लिंबू पहिलं बाद. त्यातली फ्युरॅनोकुमारिन नावाची रसायनं कातडीवर राहिली आणि ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात, आणि ते डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. गरोदरपणात रंग आधीच गडद होत असतो, तिथे हे नकोच. लॅव्हेंडर आणि बाकी सुगंधी तेलं बाद: काहींना त्यांची ॲलर्जी येते, आणि जिला वासाने उलटी होते तिच्यासाठी वासाची वस्तू घालण्यात काय शहाणपण? कापूर बाद. तो कातडीतून शोषला जातो आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. खाजेवर खोबरेलात कापूर घालून लावायची आपल्याकडे घरोघरी सवय आहे, म्हणून आईला मुद्दाम फोन करून सांगितलं. गुलाबपाणी बाद, कारण पाणी बाद. पाणी आलं की बुरशी आणि जंतू आले, आणि मग प्रिझर्व्हेटिव्ह आलं. फक्त तेलाचं मलम असेल तर हा सगळा फापटपसारा टळतो.

धाकटीला तिच्या कपाटातल्या सगळ्या ट्यूबांचे फोटो पाठवायला सांगितले होते. एक निघालीच. गालावर वांग आलाय म्हणून पार्लरमधल्या बाईने दिलेली. मागे बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टेरॉइड. ही तिन्ही एकत्र असलेली क्रीम औषधं आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची. आपल्याकडे ती गोरेपणाची क्रीम म्हणून खपतात. हायड्रोक्विनोन अंगात बऱ्यापैकी शोषलं जातं आणि ट्रेटिनोइन व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं, म्हणून गरोदरपणात दोन्ही टाळतात. आजच बंद कर आणि ट्यूब डॉक्टरांना नेऊन दाखव, असं सांगितलं. बिननावाच्या डबीतली गोरेपणाची क्रीम तर त्याहून वाईट, त्यात पारा निघतो. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला अशी क्रीम लावणाऱ्या लोकांची मूत्रपिंडं बिघडल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. घरगुती मलमाचा सगळ्यात मोठा फायदा कदाचित हाच: ते लावताना माणूस दुसरं काही लावत नाही.

5 मे

भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा हंगाम. शेजारची काकी दरवर्षी त्यांच्या बियांचं घट्ट तेल, मुठेल, काढते, यंदा मी सोबत बसले.

आगळ-सोलं करून झाली की राहिलेल्या बिया धुऊन कडक उन्हात वाळवतात. वाळल्या की व्हायनात (उखळात) मुसळाने कांडायच्या, टरफलं पाखडून टाकायची आणि आतला गर आणखी बारीक करायचा. मग मोठ्या टोपात भरपूर पाणी घालून चुलीवर शिजत ठेवायचं. बराच वेळ नुसतं तांबूस पाणी खदखदतं आणि आपल्याला वाटतं की काही होत नाही. काकी मात्र सरपण सारत निवांत. हळूहळू वर तेलाचे डोळे दिसतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि टोप रात्रभर तसाच ठेवला की सकाळी वर फिकट थर थिजलेला असतो. तो उचलून पुन्हा वितळवायचा, गाळायचा आणि हातात घेऊन मुठीने वळायचा. बोटांचे ठसे उमटलेले ते लांबट गोळे आमच्याकडे टाचांच्या भेगांसाठी प्रत्येक घरात असतात. बियांत चरबी साधारण पाव हिस्सा, पण या पद्धतीने सगळी काही हाती लागत नाही. काकीने मला दोन गोळे दिले आणि पैसे घेतले नाहीत, म्हणून तिच्या नातवाचा रसायनशास्त्राचा प्रोजेक्ट आता माझ्या गळ्यात.

माझं काम पुढचं. गोळ्यांत पाण्याचा अंश राहिलेला असतो. स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर वितळवून बुडबुडे आणि चरचर पूर्ण थांबेपर्यंत ठेवलं, मग दुहेरी मलमलीतून गाळलं. बारीक काचनळीत घालून वितळणबिंदू पाहिला: 39 अंशांच्या आसपास. पुस्तकात 38 ते 40 देतात, म्हणजे माल चोख. वास किंचित, बियांचा. धाकटीला चालेल असं वाटतं.

11 मे

प्रमाणं. नुसतं मुठेल अंगाला लावायला फार टणक; त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त, म्हणून दगड. सोबतीला खोबरेल घेतलं, लाकडी घाण्यावरचं. ते 24 अंशांना वितळतं, म्हणजे कुडाळात मे महिन्यात पाणीच.

निम्मं-निम्मं केलं तर बरणीतून नखाने खरवडावं लागतं. मुठेल 30 टक्क्यांवर आणलं तर दुपारी दोन वाजता बरणीत लापशी. शेवटी जमलं ते असं, 100 ग्रॅमसाठी: मुठेल 40 ग्रॅम, खोबरेल 45, तिळाचं तेल 15. तीळ घालायच्या आधी धाकटीला विचारलं, चिक्की खाल्ल्यावर कधी ओठ सुजले का, अंगाला गांधी आल्या का. नाही. तिळाची ॲलर्जी असणाऱ्या बाईने त्या जागी खोबरेलच वाढवावं.

मेणाचाही विचार केला होता. गेल्या वर्षी महाबळेश्वरच्या सहलीत 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जाणारं मांघर पाहिलं, तिथून मधमाश्यांच्या मेणाची वडी आणली होती. 62 अंशांच्या वर वितळतं, थोडंसं घातलं तरी मलम उन्हाळ्यात घट्ट राहतं. पण दमट हवेत अंग चिकचिकतं, आणि धाकटीची लोकलची गर्दी डोळ्यांसमोर आली. वडी परत फडताळात.

एक खुबी लिहून ठेवते. मिश्रण ओट्यावर आपोआप थंड होऊ दिलं तर रवाळ होतं, बोटाला कण लागतात. जास्त अंशांना वितळणारी चरबी आधी सावकाश गोठते आणि तिचे मोठे स्फटिक होतात. बरणी थेट फ्रीजमध्ये ठेवून झटपट गार केली की मलम तुकतुकीत येतं.

व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅमहून कमी. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतू मारत नाही. लोक त्याला प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात ते चूक.

20 मे

बरणीवर चिठ्ठी: जिनसा, तारीख, 'ओला हात घालू नये'. मामेभाऊ मुंबईला निघाला होता, त्याच्याबरोबर पाठवली. प्रवासात वितळणार हे गृहीत धरून वर सूचना: आधी फ्रीजमध्ये ठेव, मग उघड. आठवडाभर फक्त कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा लाव. लाली-खाज काही आलं नाही तरच पोटावर.

2 जून

कोपर शाबूत. पोटावर सुरू झालं. वासाची तक्रार नाही, ही माझ्यासाठी खरी परीक्षा होती.

पण फोनवर कळलं की ती हे कोरड्या अंगाला लावते, रात्री, पंख्याखाली. त्याने काम अर्धंच होतं. मलमात पाणी नाही. ते कातडीला ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. म्हणून आंघोळीनंतर अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच लावायचं. पाणी कोमट. साबण फक्त काखा आणि जांघा एवढ्यापुरता, कारण साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9-10 आणि कातडीचा 5 च्या आसपास.

पोटासाठी साबणाऐवजी ओट्स सुचवले. साधे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पीठ होईपर्यंत फिरवायचे. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकल्यावर पाणी दुधट झालं आणि खाली गाळ बसला नाही, तर पुरेसे बारीक झाले. बादलीत मूठभर टाकून तेच पाणी अंगावर घ्यायचं, खाजेला आराम पडतो. लादी निसरडी होते. पोट पुढे आलेल्या बाईला हे दोनदा सांगायला हवं, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं.

सासूबाई उटणं सुचवतात, बेसन आणि हळदीचं. बेसनाला हरकत नाही, जोरात चोळू नये इतकंच. हळदीबद्दल मात्र मी कडक आहे. सुट्या हळदपुडीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं दक्षिण आशियात सापडली आहेत, आणि शिसं वार ओलांडून बाळात जातं. म्हणून सुटी हळद नकोच, उटण्यासाठीच नव्हे, आमटीसाठीसुद्धा. आमच्या परसातली हळकुंडं दळून पाठवते म्हटलं, तेव्हा सासूबाईही खूश झाल्या.

30 जून

धाकटी काल कोकणकन्येने आली. पाऊस धो-धो, आणि घरात सगळ्या बायका एकदम वैद्य.

आईने कुंडीतली कोरफड कापून तयार ठेवली होती. कोरफडीला माझा विरोध नाही, मलमात घालायला आहे. पात कापली की आधी उभी करून पिवळा चीक निथळू द्यायचा. तो झोंबतो आणि पोटात गेला तर जुलाब होतात. मग धुऊन, सोलून, आतला पारदर्शक गर लावायचा. उरलेला फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा. या हवेत ओट्यावर ठेवलेल्या गराला संध्याकाळी वास आला होता, तो आईला हुंगायला दिला.

आजीने शतधौत घृताचा विषय काढला. तिच्या माहेरी वैद्य होते. मला मनापासून करून पाहायचं होतं. गाईचं तूप 50 ग्रॅम, परातीत थंड पाणी, तळव्याने फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, नवं घ्यायचं, असं शंभर वेळा. वाद झाला तो परातीवरून. "तांब्याची परात काढ गो, स्टीलात ता जमाचा नाय." जुन्या पद्धतीत तांबंच आहे. पण तांब्याच्या सान्निध्यात चरबी लवकर खवट होते आणि आपल्याला नेमकं तेच नको. मी स्टीलचीच घेतली. आजी थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली, मग मोजायला आली, कारण माझा आकडा चुकतोय असा तिला संशय होता.

सुरुवातीला तूप आणि पाणी एकमेकांना ओळखत नाहीत, तूप बोटांतून निसटतं. विसाव्या-पंचविसाव्या धुण्यानंतर रवा मोडतो. पन्नाशीनंतर पिवळेपणा फिका पडत जातो, तुपाचा वास उतरतो. शेवटी लोण्यासारखं पांढरं, मऊ, आणि आकाराने वाढलेलं, कारण त्यात पाण्याचे बारीक थेंब अडकून बसतात. म्हणूनच ते लावताना गार वाटतं. आणि म्हणूनच ते टिकत नाही. पाणी उकळून गार केलेलं घेतलं होतं, बरणीही उकळली होती, तरी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं असं ठरवलं. धाकटीला हे मलमापेक्षा जास्त आवडलं. मला ते आवडलं नाही असं नाही, पण दर आठवड्याला शंभरदा परात ओतणार कोण? आजी म्हणाली, "मी मोजतंय."

14 जुलै

वांग गडद झालाय, नाभीखालची काळी रेघही. धाकटी रेघेबद्दल घाबरली नव्हती, वांगाबद्दल रडली.

यावर घरी काही करायचं नाही असं माझं मत आहे. वांग वाढतो हार्मोन आणि उजेड यांच्या संगनमताने, आणि उजेडावर उपाय सनस्क्रीन. झिंक ऑक्साइड विकत आणून तेलात ढवळलं की सनस्क्रीन होत नाही: कण गुठळ्या करून बसतात, कातडीवर कुठे जाड थर कुठे उघडी जागा, आणि किती संरक्षण मिळालं ते घरी मोजायला साधन नाही. खोबरेलाला 'नैसर्गिक सनस्क्रीन' म्हणणाऱ्यांवर तर विश्वासच ठेवू नये. मेडिकलमधून झिंक ऑक्साइडचं, रंगछटा असलेलं आणलं. छटा लोहाच्या ऑक्साइडची असते. दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो आणि तो अडवायला ही छटा कामाची. ढग असले तरी लावायचं. त्यातूनही हवंच असेल तर ॲझेलेइक ॲसिडचं डॉक्टरांना विचारायचं, गरोदरपणात ते चालतं.

4 ऑगस्ट

काम थांबवलं.

रात्री दोनला धाकटी उठून बसलेली. तळहात आणि तळपाय खाजतायत, अंगावर एकही पुरळ नाही, मलमाने काही फरक नाही. आजी म्हणाली पावसाळ्यात होतं, चिखल्या असतील. आई खोबरेल घेऊन आली. मी बरणीचं झाकण लावलं.

आठव्या महिन्यात, पुरळ नसताना, तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज ही कातडीची नसूही शकते. यकृतातून पित्त नीट वाहिलं नाही तर पित्ताम्लं रक्तात साठतात आणि अशी खाज सुटते. गरोदर बाईला त्रास खाजेचाच, पण बाळाला धोका असू शकतो. पित्ताम्लांचं प्रमाण लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या पुढे गेलं तर पोटात बाळ दगावण्याची शक्यता वाढते, आणि मग डॉक्टर बाळंतपण आधी करायचं ठरवतात. लघवी गडद होणं, शौच फिकट होणं हीही लक्षणं. कोणतंही तेल, तूप, ओट्स इथे उपयोगाचं नाही. उलट 'आज लावून बघू, उद्या बघू' यात आठवडा जातो.

सकाळी डॉक्टरांकडे नेलं. यकृताच्या चाचण्या आणि पित्ताम्लं, दोन्हींसाठी रक्त दिलं. दुसरा नमुना बाहेरगावी जाणार. बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवायला सांगितलंय. वहीत पहिल्या पानावर, जिनसांच्याही वर, लाल शाईने लिहिलं: तळहात-तळपाय खाजले तर मलम नाही, दवाखाना.

8 ऑगस्ट

दोन्ही रिपोर्ट ठीक. खाज सुरू राहिली तर पुन्हा तपासायचं, कारण खाज आधी येते आणि रक्तातले आकडे नंतर चढतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजी हे ऐकल्यापासून धाकटीला रोज सकाळी तळवे दाखवायला लावते.

25 ऑगस्ट

दुसऱ्या तपासणीतही काही नाही आणि तळव्यांची खाज कमी झाली आहे. पोटासाठी मलम पुन्हा सुरू.

धाकटीच्या मैत्रिणींनी बरण्या मागितल्या आहेत, पैसे देऊन. भावाने लगेच नाव आणि लोगोसुद्धा काढला. नाही म्हटलं. विकायचं तर सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना लागतो, 1940 चा कायदा आणि 2020 चे नियम आहेत त्याला, आणि ते योग्यच आहे. माझ्या ओट्यावर कुठली बॅच कुठल्या तेलाची हे फक्त माझ्या वहीला ठाऊक. कृती मात्र सगळ्यांना पाठवली, लाल शाईच्या ओळीसकट.

15 सप्टेंबर

चतुर्थीच्या गडबडीत आठवडा गेला. आज सगळ्या बरण्या हुंगल्या. मे महिन्यातलं मलम अजून ठीक, फक्त जी बरणी खिडकीत होती तिला जुन्या शेंगदाण्यांचा वास यायला लागलाय. ती टाकली. खवट तेल विषारी नसलं तरी कातडीला चावतं.

पोटाच्या दोन्ही बाजूंना जांभळट रेघा उमटल्या आहेत, बेंबीपाशीही. मलम नेमाने लावूनही. धाकटी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आईची कार्बन कॉपी." वर्षभरात त्या फिकट पडतील, पूर्ण जाणार नाहीत. कातडी मात्र मऊ आहे, खरवडल्याची एकही खूण नाही, आणि जूनपासून झोप लागते असं ती स्वतः सांगते.

6 ऑक्टोबर

मुलगी झाली. टाके आहेत, त्यामुळे पोटावर सध्या काहीही लावायचं नाही. टाके भरल्यावर डॉक्टरांना विचारून. स्तनांना हे मलम नाही, तीळ बाळाच्या तोंडात जायला नको.

आजीने बाळासाठी काजळाची डबी काढली. "चेडवाक काजळ घालूक नाय तर दिष्ट लागतली." काजळ-सुरम्यांत शिसं सापडतं, आणि बाळ डोळे चोळून बोटं चोखतं. तडजोड अशी झाली की तीट पायाच्या तळव्याला, घरच्या निरांजनाच्या काजळीची. मोजे वरून.

बाळाच्या मालिशीला नुसतं खोबरेल, ताजी बाटली. मुठेल उरलंय दीड गोळा. तो आईने आधीच उचलला, टाचांसाठी.